कुंभाराचें गाढव आणि रेडिऑनिक्सची पेटी

घट कशामुळें होतो, हा न्यायशास्त्रांतला जुना प्रश्न आहे. माती, चाक, काठी आणि कुंभार हीं त्याचीं कारणें, याविषयीं वाद नाहीं. परंतु ती माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली, त्या गाढवाचें काय? घटाच्या आधीं तेंही तेथें हजर होतें. मग त्यालाही घटाचें कारण कां म्हणूं नये? सतराव्या शतकांतील विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदां’त या गाढवाची गणना ‘अन्यथासिद्धां’त केली आहे. तात्पर्य असें कीं, कार्याच्या आधीं एखादी वस्तु दिसली एवढ्यावरून ती कारण ठरत नाहीं. तिच्यावांचून कार्य अडतें कीं नाहीं, हें पाहावें लागतें. माती डोक्यावरच्या टोपलींतून आणली तरी घट व्हावयाचा तो होतोच. हा दृष्टांत वर्गांत सांगितला म्हणजे मुलें हंसत, आणि एखादा तरी गाढवाचें वकीलपत्र घेऊन उभा राही.

त्या गाढवाची आठवण होण्यास निमित्त झालें तें एका पेटीचें. कांहीं हौशी तरुण ही पेटी आपल्या हातानें घरीं बनवितात आणि तिच्या योगें रोग ओळखतां येतो, इतकेंच नव्हे तर बराही करतां येतो, असें सांगतात. या विद्येस ‘रेडिऑनिक्स’ असें नांव आहे. पेटीच्या वरच्या फळीवर आंकडे लिहिलेल्या तीन-चार, कधीं आठ-नऊ तबकड्या असतात. एका बाजूस लहानशी वाटी, दुसऱ्या बाजूस ताणून बसविलेलें पातळ रबर. वाटींत रोग्याच्या रक्ताचा वाळलेला थेंब, केंस किंवा छायाचित्र ठेवावयाचें. याला या पंथांत ‘साक्षी’ म्हणतात. मग एका हातानें तबकडी फिरवीत दुसऱ्या हाताचें बोट रबरावर घांसावयाचें. ज्या आंकड्यावर बोट अडखळेल तो आंकडा रोगाचा. कोणत्या रोगाचा कोणता आंकडा, याचीं कोष्टकें तयार असतात. रोग कळला कीं त्याच पेटींतून उपचार ‘पाठवावयाचा’; रोगी शेंकडों मैल दूर असला तरी हरकत नाहीं.

सामान फार लागत नाहीं. थोडी तार, तांब्याचा पत्रा, दोन-चार फिरत्या खुंट्या, एक बॅटरी आणि डाग देण्याचें साधन असलें म्हणजे सुटीच्या दोन दिवसांत पेटी उभी राहते. मुलांनीं हातानें कांहीं बनवावें, यासारखी चांगली गोष्ट नाहीं. परंतु बनविणें आणि पारखणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पेटी तयार झाली म्हणजे तिची परीक्षाही झाली, असें समजण्यांत मात्र धोका आहे, आणि तो घरांतील आजारी माणसाला आहे. म्हणून या पेटीचा इतिहास व तिची परीक्षा करण्याची रीत या दोन्ही गोष्टी आज सांगण्याचें योजिलें आहे.

या पेटीचा मूळपुरुष सॅन फ्रॅन्सिस्कोचा डॉ. अल्बर्ट अब्राम्स. तो कोणी गांवोगांव फिरणारा वैदू नव्हता. कूपर मेडिकल कॉलेजांत तो पॅथॉलॉजीचा प्राध्यापक होता. १९१६ सालीं त्यानें आपलें नवें मत ग्रंथरूपानें मांडलें. प्रत्येक रोगाचें स्वतःचें विद्युत्कंपन असतें आणि रक्ताच्या थेंबांतून तें ओळखतां येतें, असें तें मत. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. वाळलेला थेंब यंत्रांत ठेवावयाचा. यंत्राची तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला लावावयाची. त्या माणसानें मंद प्रकाशांत पश्चिमेकडे तोंड करून उभें राहावयाचें. आणि डॉक्टरानें त्याच्या पोटावर बोटें वाजवून जड आवाज कोठें येतो तें पाहावयाचें. पुढें तर रक्ताच्या ऐवजीं रोग्याचें हस्ताक्षरही चालूं लागलें, आणि रक्तावरून रोग्याचा धर्मपंथ ओळखल्याचा दावाही झाला.

आज हें वाचून हंसूं येतें; पण त्या वेळच्या माणसांना हंसूं आलें नाहीं, त्यालाही कारण होतें. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला होता, १८९८ सालीं रेडियमचा. १९२० नंतर तर तारेवांचून शेंकडों मैलांवरचें गाणें दिवाणखान्यांत ऐकूं येऊं लागलें. न दिसणाऱ्या लहरींनीं एवढें होतें, तर रोग कां ओळखतां येऊं नये? अप्टन सिंक्लेअर यांच्यासारखा नामांकित कादंबरीकारही अब्राम्सचा पुरस्कर्ता बनला. त्याची पद्धति वापरणारे साडेतीन हजार चिकित्सक आहेत, असा दावा १९२१ च्या सुमारास केला जात होता. उपचाराचें यंत्र तो विकत देत नसे, भाड्यानें देई. आणि तें मोहोरबंद असे. भाडेकऱ्याला तें उघडणार नाहीं असा करार लिहून द्यावा लागे. औषधाची पुडी उघडूं नका असें सांगणाऱ्या वैद्याविषयीं आपल्या आजीला जी शंका आली असती, ती येथेंही यावयास हवी होती.

त्याच वर्षांत कॅनडांत टोरोंटो येथें दुसरें एक काम चाललें होतें. बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याच्या रक्तांतील साखर वाढे. अर्क टोंचला कीं उतरे. टोंचणें थांबविलें कीं पुन्हां चढे. जानेवारी १९२२ मध्यें मधुमेहानें खंगलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क टोंचला. पहिल्या खेपेस फारसा गुण आला नाहीं. अर्क अधिक शुद्ध करून पुन्हां टोंचल्यावर साखर उतरली. तेंच आजचें इन्सुलिन. आपल्या शास्त्रकारांनीं कारण ओळखण्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असेल तेव्हां कार्य असावें, हा अन्वय. कारण नसेल तेव्हां कार्य नसावें, हा व्यतिरेक. इन्सुलिन दोन्ही कसोट्यांस उतरलें. अब्राम्सच्या पेटीची व्यतिरेकाची परीक्षा मात्र त्यानें स्वतः कधीं होऊं दिली नाहीं. ती इतरांनीं केली.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडून अब्राम्सपंथी चिकित्सकाकडे रक्ताचा एक नमुना पाठविण्यांत आला. रोग्यास हिंवताप, मधुमेह, कर्करोग आणि उपदंश झाल्याचें निदान परत आलें. रक्त एका कोंबड्याचें होतें. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकानें १९२३-२४ सालीं जवळजवळ वर्षभर पद्धतशीर चौकशी चालविली. या पंथाचा एक अनुभवी चिकित्सक परीक्षेस तयार झाला. त्याला सहा कुप्या दिल्या आणि प्रत्येकींत कोणत्या रोगाचे जंतु आहेत तें ओळखण्यास सांगितलें. सहाही उत्तरें चुकलीं. तेव्हां त्यानें सांगितलें कीं, कुप्यांवरील चिठ्ठ्या तांबड्या शाईच्या असल्यामुळें तिचीं कंपनें यंत्राच्या आड आलीं. परीक्षकांनीं चिठ्ठ्या बदलून दिल्या. उत्तरें पुन्हां चुकलीं. ही पद्धति सर्वस्वीं निरुपयोगी आहे, असा निर्णय मासिकानें १९२४ सालीं दिला. तो प्रसिद्ध होण्यापूर्वींच, त्या वर्षाच्या जानेवारींत, अब्राम्स वारला होता.

मूळपुरुष गेला तरी पंथ टिकला. हॉलिवुडच्या रूथ ड्राउन या बाईनें १९३० नंतर रबरावर बोट घांसण्याची रीत रूढ केली आणि रक्ताच्या डागावरून दूरच्या रोग्याच्या अवयवांचें छायाचित्र काढण्याचा दावा केला. १९५० सालीं शिकागो विद्यापीठांत तिची परीक्षा झाली. दहा नमुने ठेवले होते. तिनें तिघांचेंच निदान केलें आणि तें चुकलें. १९५१ सालीं न्यायालयानें तिला एक हजार डॉलर दंड केला. तरीही धंदा चालू राहिला. पुढें तपास-अधिकाऱ्यांनीं मुलांचें रक्त म्हणून टर्की पक्षी, मेंढी व डुक्कर यांचें रक्त पाठविलें, तेव्हां कांजिण्या व गालगुंड असें निदान झालें.

इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या जॉर्ज डी ला वॉर यानें अशाच पेट्या बनविल्या. त्याच्यावर एका बाईनें फसवणुकीचा दावा लावला. तो १९६० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयांत चालला. निकाल डी ला वॉरच्या बाजूनें लागला. पेटीचे समर्थक हा निकाल मोठ्या अभिमानानें पुढें करतात. परंतु त्याचें मर्म निराळें आहे. डी ला वॉरचा आपल्या पेटीवर मनापासून विश्वास होता, म्हणून त्यानें जाणूनबुजून फसविलें असें म्हणतां येत नाहीं, असा तो निकाल आहे. माणूस प्रामाणिक ठरला. पेटी खरी ठरली नाहीं. घरांतील वडील मंडळींनीं हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पेटी बनविणारा आपला मुलगा किंवा पुतण्या लबाड नसतो. त्याच्या सचोटीविषयीं आपली खात्री असते, आणि त्या खात्रीच्या आडून पेटीही घरांत शिरते.

आतां या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण. गॅलेन हायरोनिमस नांवाच्या अमेरिकन तंत्रज्ञास १९४९ सालीं अशाच एका यंत्राचें पेटंट मिळालें. (पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क, ती कल्पना फलदायी असल्याचा दाखला नव्हे.) जॉन कॅम्पबेल हा ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाचा संपादक. त्यानें तें यंत्र घरीं बनवून पाहिलें आणि १९५६ च्या जून महिन्यांत त्यावर लेख लिहिला. तबकडी ठराविक जागीं आली कीं बोट चिकटल्यासारखें होई, याचा त्याला अनुभव आला. मग त्याच्या ध्यानांत आलें कीं, विजेची जोडणी काढून टाकली तरी यंत्र तसेंच चालतें! पुढें त्यानें यंत्राच्या आंतील भागांऐवजीं त्यांचें चित्रच कागदावर शाईनें काढून पेटींत बसविलें. चित्रही यंत्राइतकेंच चांगलें चाललें.

कॅम्पबेलनें यावरून असा निष्कर्ष काढला कीं, मनाची कांहीं अज्ञात शक्ति येथें काम करते. न्यायशास्त्राचा साधा विद्यार्थी दुसरा निष्कर्ष काढील. वीज नाहीं, तरी कार्य आहे. यंत्र नाहीं, तरी कार्य आहे. म्हणजे वीज आणि यंत्र हीं दोन्ही कारणें नव्हेत. माती टोपलींतून आली आणि घट झाला. मग शिल्लक काय राहिलें? रबरावर फिरणारें बोट, आणि कोणत्या आंकड्यावर थांबावयाचें याची आशा धरून बसलेलें मन.

हें मन बोटाला कसें थांबवितें, याचा उलगडा अब्राम्सच्या पुष्कळ आधीं झाला होता. मिशेल शेव्ररल हा फ्रान्समधील विख्यात रसायनशास्त्रज्ञ. दोऱ्याला बांधलेला लंबक पाऱ्यावर धरला म्हणजे आपोआप झुलतो, आणि मध्यें कांच सरकविली म्हणजे थांबतो, असें त्यास दिसलें. दुसरा कोणी असता तर पाऱ्याच्या लहरींवर ग्रंथ लिहून मोकळा झाला असता. शेव्ररलनें आपले डोळे बांधून घेतले आणि कांच केव्हां घालावयाची व केव्हां काढावयाची हें दुसऱ्यावर सोंपविलें. तेव्हां कांचेचा लंबकावर कांहींच परिणाम होईना. १८३३ सालीं ॲम्पिअरला लिहिलेल्या पत्रांत त्यानें हें प्रसिद्ध केलें. गति होणार अशी कल्पना मनांत आली कीं हातांत नकळत ती उत्पन्न होते, हा त्याचा सारांश. १८५२ सालीं कार्पेंटर यानें या क्रियेस शास्त्रीय नांव दिलें. १८५३ सालीं मायकेल फॅरडेनें फिरत्या टेबलांचें बिंग असेंच बाहेर काढलें. बसलेल्यांचे हात व टेबल यांच्यामध्यें त्यानें मऊ डिंकासारख्या द्रव्यानें चिकटविलेल्या पुठ्ठ्यांचे थर ठेवले, आणि हात आधीं सरकतात, टेबल मागाहून, हें दाखविलें. हात सरकल्याचें दाखविणारा कांटा बसलेल्यांना दिसूं लागतांच टेबल फिरेनासें झालें.

आपल्याकडे प्लँचेटच्या वाटीवर बोट ठेवलेल्या माणसांनीं, किंवा हातांत नारळ अगर दुबेळक्याची काठी घेऊन चालणाऱ्या पाणाड्यानें, हाच अनुभव घेतला आहे. त्यांतील बहुतेक लोक ढोंग करीत नाहींत. काठी खरोखरच वळते; मात्र ती वळविणारे हात त्यांचेच असतात. रबरावरच्या बोटाचेंही तेंच. दाब किंचित् वाढला, बोटाला थोडा घाम सुटला, कीं घर्षण बदलतें आणि बोट अडखळतें.

विद्वत्तेनें या भुलीपासून संरक्षण होतें असें मानूं नये. बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराचे संचालक व गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे संपादक डॉ. विनयतोष भट्टाचार्य यांचें नांव संस्कृताच्या अभ्यासकांस परिचित आहे. ‘साधनमाला’ या बौद्ध तांत्रिक ग्रंथाची त्यांची आवृत्ति आजही प्रमाण मानली जाते. याच भट्टाचार्यांनीं पुढील आयुष्यांत रत्नें बसविलेल्या चकत्या विजेच्या मोटरीवर फिरवून, समोर ठेवलेल्या छायाचित्राच्या द्वारें दूरच्या रोग्यांवर उपचार करण्याचा मार्ग पुरस्कारिला आणि त्यावर पुस्तकें लिहिलीं. हस्तलिखितांतील एक अक्षर चार पोथ्या ताडून पाहिल्याशिवाय न स्वीकारणारा संपादक! ग्रंथाच्या बाबतींत आपण जी ताडून पाहण्याची सवय लावून घेतों, ती रोगाच्या बाबतींतही निराळी लावून घ्यावी लागते. ती आपोआप येत नाहीं.

ती सवय घरांत कशी लावतां येईल, हें आमच्या घरींच घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतों. माझ्या वहिनींचें वय पंचाहत्तरीच्या पुढें आहे आणि रक्तदाबासाठीं त्यांना रोज गोळी घ्यावी लागते. त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें अशी पेटी बनविली आणि रोज संध्याकाळीं आजीसमोर अर्धा तास बसून तो ‘उपचार’ करूं लागला. आधीं व नंतर रक्तदाब मोजून वहींत लिही. नंतरचा आंकडा बहुधा उतरलेला असे. आठ-दहा दिवसांनीं वहिनींनीं मला विचारलें, “भाऊजी, पेटीनें दाब उतरतो आहे, तर ती गोळी कशाला घशांत ढकलायची?” येथें खेळ संपून काळजीचा विषय सुरू झाला. वाढलेला रक्तदाब पुष्कळदां दुखत-खुपत नाहीं. म्हणून गोळी बंद केल्याचें कांहीं दिवस कळतही नाहीं, आणि कळतें तेव्हां अर्धांगवायूच्या रूपानें कळूं शकतें.

नातवाला रागें भरण्यानें कांहीं साधलें नसतें. मीं त्याला म्हटलें, “पेटी तुझी, पण परीक्षा मी घेणार. कबूल?” तो म्हणाला, “आजोबा, घ्या कीं.” वहिनींना मात्र एक अट घातली कीं, परीक्षा पुरी होईपर्यंत गोळी एक दिवसही चुकतां कामा नये.

पहिली परीक्षा ओळखण्याची. एकसारख्या जाड लिफाफ्यांत मीठ आणि साखर सारख्या वजनाची भरली. प्रथम त्यानें स्वतःच लिफाफे वाटींत ठेवून पाहिले. वीसपैकीं वीस उत्तरें बरोबर! मग सूनबाईनें स्वयंपाकघरांत नाणें उडवून प्रत्येक वेळीं मीठ कीं साखर तें ठरवावें, चिठ्ठीवर लिहून ठेवावें आणि बंद लिफाफा माझ्या हातीं द्यावा. आंत काय आहे तें मलाही ठाऊक नसावें, अशी व्यवस्था केली. ज्यास उत्तर ठाऊक आहे त्याचा चेहरा बोलतो, हें प्रत्येक मास्तराला माहीत असतें. या खेपेस वीसपैकीं नऊ उत्तरें बरोबर आलीं. नुसतें नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी सरासरी दहा आलीं असतीं. नातू म्हणाला, “आज हवा ढगाळ आहे.” मला तांबड्या शाईच्या चिठ्ठ्या आठवल्या. मीं त्याला त्याच्या सर्व सबबी आधींच एका कागदावर लिहून द्यावयास सांगितल्या, आणि तशी एकही अडचण नसलेल्या दिवशीं परीक्षा पुन्हां घेतली. अकरा आलीं. वीस प्रश्नांत निव्वळ दैवानें पंधरा किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शेंकडा दोनच आहे. म्हणून पंधरा आलीं असतीं तर मी पुढें तपास केला असता, असें त्यालाही आधींच सांगून ठेवलें होतें.

दुसरी परीक्षा उपचाराची. पेटीची कळ झांकणाखालीं नेली आणि दिवा काढून टाकला, म्हणजे ती चालू कीं बंद हें बाहेरून कळूं नये. बारा चिठ्ठ्या केल्या, सहांवर ‘चालू’ आणि सहांवर ‘बंद’. सूनबाईनें रोज एक चिठ्ठी काढावी, त्याप्रमाणें कळ लावून पेटी बाहेर आणावी आणि कोणापाशीं बोलूं नये. वहिनींना हें सर्व सांगून त्यांची संमति घेतली होती. बारा संध्याकाळीं नेहमींप्रमाणें उपचार झाला, आंकडे लिहिले गेले, आणि तेराव्या दिवशीं चिठ्ठ्या व वही शेजारीं शेजारीं ठेवल्या. दाब बंद दिवशींही उतरला होता, चालू दिवशींही उतरला होता, आणि दोहोंत म्हणण्यासारखें अंतर नव्हतें. माणूस अर्धा तास स्वस्थ बसला म्हणजे रक्तदाबाचा आंकडा थोडा उतरतोच. डॉक्टर मंडळीही मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें शांत बसावयास सांगतात, तें याचसाठीं. बारा दिवसांची ही परीक्षा लहान, हें खरें. परंतु गोळी सोडावी एवढा आधार पेटीच्या पदरांत नाहीं, हें ठरविण्यास ती पुरेशी होती.

नातू थोडा हिरमुसला. वहिनी मात्र वहीकडे पाहून म्हणाल्या, “पेटी बंद होती त्या दिवशीं सुद्धां हा अर्धा तास माझ्यापाशीं बसलाच होता कीं.” त्यांच्या या बोलण्यांत पेटीच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचें बरेंचसें रहस्य आलें आहे. दवाखान्यांत पांच मिनिटें मिळण्याची मारामार. घरांत प्रत्येक जण आपापल्या कामांत. अशा वेळीं कोणी रोज आपलें नांव घेऊन बसतो, आपले केंस जपून ठेवतो, आपल्या दुखण्याचा आंकडा शोधतो, याचें वृद्ध माणसास केवढें अप्रूप! आमच्या घरीं पेटी आतां माळ्यावर आहे, गोळी रोज सकाळीं चालू आहे, आणि संध्याकाळचा अर्धा तासही चालू आहे. त्या वेळांत नातू आजीकडून जुन्या कहाण्या ऐकतो.

आपल्या घरांत कोणी अशी पेटी बनवीत असेल तर त्याला जरूर बनवूं द्यावी. पण तिचा उपयोग एखाद्या माणसावर होण्यापूर्वीं चार गोष्टी कराव्या. उत्तर ठाऊक असलेलें कोणीही खोलींत असूं नये. किती उत्तरें बरोबर आल्यास पेटी जिंकली म्हणावयाची आणि कोणत्या सबबी चालतील, हें आधीं लिहून ठेवावें. बरोबर आलेलीं व चुकलेलीं अशीं सर्व उत्तरें नोंदवावीं. फक्त आठवणींत राहिलेलीं मोजूं नयेत. आणि डॉक्टरांनीं दिलेलें औषध त्यांना विचारल्यावांचून एक दिवसही बंद करूं नये. गांठ, सतत उतरणारें वजन, छातींतील कळ, मुलांचा न उतरणारा ताप, अशा ठिकाणीं तर पेटीच्या परीक्षेलाही वेळ नसतो. अमेरिकेंत १९२३ सालीं पोटाच्या कर्करोगाच्या एका वृद्ध रोग्यास अब्राम्सपंथी चिकित्सकानें पूर्ण बरा झाल्याचें सांगितलें. एका महिन्यांत तो वारला. त्याला खोट्या समाधानाचा एक महिना मिळाला असें कोणी म्हणेल. परंतु ज्याचा रोग वेळेवर उपचार केल्यास बरा होण्यासारखा असतो, त्याच्या हातून असा महिना जाणें म्हणजे सर्वस्व जाणें.

तयार पेट्या विकणारे लोकही आहेत. अशांनीं मधुमेह, कर्करोग वगैरे रोग बरे करण्याची जाहिरात केल्यास, १९५४ सालीं झालेला औषधें व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयींचा कायदा त्यांना लागू पडतो, हें घरच्या कर्त्या माणसांस माहीत असावें. कायद्यापर्यंत न जातांही विकणाराची पारख एका प्रश्नानें होते. त्याला शांतपणें विचारावें, “ही पेटी आम्हांला न कळतां सहा दिवस बंद ठेवली, तर रोग्याच्या प्रकृतींत कोणता फरक दिसेल?” तो उत्तर देईल तें लिहून घ्यावें, आणि मगच पैशाच्या पिशवीला हात घालावा.